एनएचएसमध्ये नर्स व्हायचंय, पण हे साडेसहा लाख कशाचे?

नागपूरच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. वय २८. जीएनएम ही नर्सिंगची पदविका झाल्यापासून सहा वर्षं धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये स्टाफ नर्स. ऐंशी खाटांचं रुग्णालय, महिन्याला हातात २३ हजार, आणि नाईट लागली की सहा-सात पेशंटमागे एक सिस्टर. वडील एसटीतून निवृत्त झालेले, आईला मधुमेह आणि गुडघ्यांचं दुखणं, धाकटा भाऊ इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स व्हायचं आहे. सीताबर्डीवरच्या एका एजंटने साडेसहा लाखांचं 'पॅकेज' सांगितलंय. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा लागत नाही, आधी केअर वर्कर म्हणून जायचं, वर्षभरात तिथेच नर्स व्हायचं. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरा, नाहीतर 'कोटा संपेल'. पंचवीस हजार देऊन झालेत, मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट त्याच्याच कपाटात आहेत. वडील नागपूरजवळच्या बेसाचा प्लॉट विकायला निघाले आहेत. आई म्हणते आधी लग्नाचं बघ. मावशी म्हणते, "सरकारी दवाखान्यातच काम करायचं तर आपलं मेडिकल काय वाईट आहे वं? काहून जाते इतक्या दूर?" मेडिकल म्हणजे नागपूरचं मोठं सरकारी रुग्णालय. पत्राच्या शेवटी एवढंच विचारलंय: "ताई, जाऊ की नको?"

उत्तर

बाबांना आज संध्याकाळीच सांग, प्लॉटचा सौदा थांबवा. जायचं की नाही ते सावकाश ठरवू. पण ज्यासाठी प्लॉट विकायचा आहे ती नोकरी पैसे मोजून मिळतच नाही.

एजंटने तुला दाखवलेला रस्ता बंद झालेला आहे. केअर वर्कर म्हणजे वृद्धाश्रमात किंवा घरोघरी जाऊन माणसांची देखभाल करणारे कर्मचारी. परदेशातून त्यांची नवी भरती ब्रिटिश सरकारने २२ जुलै २०२५ पासून थांबवली आहे. त्याच्याही आधी, ११ मार्च २०२४ पासून, त्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेण्याची मुभा काढून घेतली होती. तेव्हा 'कोटा संपेल' ही भीती निरर्थक आहे, संपायला तिथे काही उरलेलंच नाही. साडेसहा लाख घेऊन हा माणूस तुला एकतर झुलवत ठेवील, नाहीतर भलत्याच व्हिसावर विमानात बसवून देईल. दुसरं जास्त वाईट.

तरी तू फसलीस याचं मला नवल वाटत नाही, कारण या थापेत एक तुकडा खरा आहे. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल करते. तिला तिथे एनएमसी म्हणतात. (आपल्याकडच्या डॉक्टरांच्या आयोगाचंही लघुरूप तेच. गूगल करताना गल्लत होते, सांभाळ.) या कौन्सिलने २०२३ मध्ये एक सवलत आणली. ज्यांचं शिक्षण इंग्रजीतून झालंय किंवा जे इंग्रजीच्या परीक्षेत थोडक्यात हुकलेत, ते ब्रिटनमध्ये आरोग्य किंवा देखभाल क्षेत्रात वर्षभर काम करत असतील, तर त्यांच्या इंग्रजीबद्दल तिथल्या वरिष्ठांनी दिलेला पुरावा चालतो. आधीच तिथे राबत असलेल्यांसाठी ही सोय होती. एजंट मंडळींनी तिच्यावर 'विना आयईएल्टीएस' अशी पाटी लावून दुकान मांडलं. आता तिथे केअर वर्कर म्हणून पोचायचीच वाट नाही, तर ती सवलत तुझ्या काय कामाची?

पैशाचं म्हणशील तर दोन्ही देशांचे नियम तुझ्या बाजूने आहेत. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. ब्रिटनची आचारसंहिता तर याहून कडक आहे. तिथल्या आरोग्यसेवेसाठी भरती करणाऱ्या एजन्सीने उमेदवाराकडून नोकरीसाठी एक पैसाही घ्यायचा नाही, तिची फी रुग्णालय भरतं. अशा नियम पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस एम्प्लॉयर्सच्या संकेतस्थळावर आहे. मला कुणी विचारलं की एजंट खरा कसा ओळखायचा, तर मी तीनच गोष्टी बघायला सांगते: या यादीत नाव आहे का, ई-मायग्रेटवर आहे का, आणि मूळ कागद मागतोय का. मूळ कागद मागितले की उठायचं.

म्हणून सोमवारी बाबांना घेऊन जा आणि कागद परत आण. भांडायला जाऊ नकोस, घरच्यांनी थांबायचं ठरवलंय एवढंच सांग. काय काय परत मिळालं त्याची यादी करून सही घे. पासपोर्ट अडवून ठेवायचा त्याला काही अधिकार नाही, कायद्याने पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. टाळाटाळ केली तर तिथूनच सीताबर्डी ठाण्यात लेखी तक्रार द्या. पंचवीस हजार बुडाले तर बुडाले, पण पावती असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे.

आता खरा रस्ता. तो लांब आहे, पण त्यात गुपित काही नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुझी नोंदणी चालू असली पाहिजे, कारण तिथली एनएमसी मुंबईच्या कार्यालयाकडून थेट खातरजमा मागते. नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते उरक. मग इंग्रजी. आयईएल्टीएस ॲकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात, एकूण ७. एका फटक्यात नाही जमलं तर वर्षभराच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात, मात्र दोन्हींत कुठलाही भाग ठरल्या गुणांपेक्षा अर्ध्या गुणाहून जास्त खाली जाता कामा नये. ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची वेगळी परीक्षाही चालते. आयसीयूत काम केलेल्या मुलींना ती बरेचदा जवळची वाटते, कारण तिच्या लेखनात निबंधाऐवजी रुग्णाविषयीचं पत्र लिहायचं असतं. मी तुला ओईटीच सुचवीन. 'शहरांतील वाहतूक कोंडी' यावर अडीचशे शब्द लिहिण्यापेक्षा डिस्चार्ज झालेल्या पेशंटची हकीकत लिहिणं तुझ्या हातातलं काम आहे.

इंग्रजीनंतर संगणकावरची परीक्षा, सीबीटी. ती भारतातच होते. त्यात औषधाच्या मात्रांचं गणित आणि क्लिनिकल प्रश्न असे दोन भाग असतात. मग नोकरीसाठी अर्ज आणि ऑनलाइन मुलाखत. निवड झाली की ते रुग्णालय तुला प्रायोजित करतं, त्या प्रमाणपत्रावर व्हिसा मिळतो, आणि तिथे पोचल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा होते. दहा टप्प्यांची. ती नॉर्दम्प्टन, ऑक्सफर्ड, लीड्स अशा मोजक्या केंद्रांवरच होते. पास झालीस की नोंदणीचा पिन क्रमांक मिळतो आणि तेव्हा कुठे तू तिथली नर्स. तोवर पगारही खालच्या बँडचा, म्हणजे वेतनश्रेणीचा. ऑस्कीची फी, व्हिसा, विमानाचं तिकीट, सुरुवातीची राहण्याची सोय यांतलं बरंचसं रुग्णालयं स्वतः करत आली आहेत. मात्र करारात एक कलम असतं: दोन-तीन वर्षांच्या आत सोडून गेलीस तर खर्च परत द्यायचा. ते कलम सही करण्याआधी नीट वाच, रक्कम आणि मुदत दोन्ही.

म्हणजे तुझ्या खिशातून जाणार ते परीक्षांचे, नोंदणीच्या अर्जाचे आणि अभ्यासाचे पैसे. हा खर्च तुझ्या पगारातून, वर्ष-दीड वर्षात, टप्प्याटप्प्याने निघण्यासारखा आहे. यासाठी कुणाचा प्लॉट लागत नाही.

आता जरा कटू. एजंटची घाई खोटी असली, तरी तिकडची दारं किलकिली झालीत हे खरंच आहे. करोनानंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रिटनने परदेशी नर्स भरभरून घेतल्या, आज तिथल्या नोंदणीतली जवळपास दर चौथी व्यक्ती परदेशात शिकलेली आहे. पण २०२५ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये परदेशातून नव्याने नोंदल्या जाणाऱ्यांचा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत निम्म्यावर आला. इंग्लंडच्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात तर परदेशी भरती २०३५ पर्यंत दहा टक्क्यांच्या खाली आणायची असं लिहून ठेवलंय. तिथल्याच ताज्या पदवीधर मुली जागा शोधत फिरताहेत. तुझ्या मैत्रिणीची बहीण २०२२ मध्ये तीन महिन्यांत गेली असेल, तुला तेवढ्यात जमेल असं धरून चालू नकोस. आयसीयूचा अनुभव ही तुझी जमेची बाजू आहे, पण तिला वाट पाहण्याची तयारी जोडावी लागेल. शिवाय इंग्रजीचे गुण दोनच वर्षं चालतात, हे लक्षात ठेवून परीक्षेची वेळ ठरव.

तू लिहिलंस, "तिथे सरकारी नोकरी, म्हणजे कायमची." इथे मला थोडं अडवायचंय. आपल्या मनात सरकारी नोकरी म्हटलं की एक चित्र ठरलेलं असतं: एकदा लागलो की निवृत्तीपर्यंत चिंता नाही. एनएचएसमधल्या नर्सचा करार कायमस्वरूपी असू शकतो, पेन्शन चांगलं असतं, वर्षाला २७ दिवसांची भरपगारी रजा आणि वर सार्वजनिक सुट्ट्या मिळतात. पण तू तिथे व्हिसावर असशील आणि व्हिसा त्या एका रुग्णालयाला बांधलेला असेल. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरा प्रायोजक शोधायचा, नाहीतर परतीचं तिकीट. कायम वास्तव्याचा हक्क आजवर पाच वर्षांनी मागता येत होता, तो काळ सर्वसाधारणपणे वाढवून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मांडला. तू अर्ज करशील त्या दिवशी काय नियम आहे तो त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच बघ, व्हॉट्सॲपवर नाही.

मावशींच्या बोलण्यातही एक समज दडलेला आहे, आणि खरं सांगू, तो तुझ्याही मनात थोडा असावा. सरकारी दवाखाना म्हणजे ज्याला परवडत नाही त्याने जायची जागा. मेडिकलला आणि मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयाला गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटहून माणसं येतात, जमिनीवर चादर अंथरून झोपतात, आणि ज्याच्याकडे चार पैसे आहेत तो धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं गाठतो. एनएचएसची कल्पनाच याच्या उलट आहे. ५ जुलै १९४८ ला, अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना, ती सुरू झाली ती करांच्या पैशातून, सगळ्यांसाठी, आणि उपचार घेताना हातात बिल नाही अशी. तिथे तुझ्या वॉर्डात एका खाटेवर सफाई कामगार असेल आणि शेजारच्या खाटेवर निवृत्त न्यायाधीश. कुणाच्या नातेवाइकाला "आधी काउंटरवर डिपॉझिट भरा" असं म्हणायची पाळी तुझ्यावर येणार नाही. तू आयसीयूत सहा वर्षं काढलीस, म्हणजे ते वाक्य तुझ्या तोंडून किती वेळा गेलं असेल ते तुलाच ठाऊक. मला वाटतं, तुझ्या जाण्यामागे पगाराइतकंच हेही असावं. असेल तर ते घरी बोलून दाखव, कारण तुझ्या पत्रात पगाराचा हिशेब पानभर आहे आणि या गोष्टीवर एकच अर्धं वाक्य.

पण म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. फुकट आहे म्हणून रांग आहे. इंग्लंडमध्ये ठरवून करायच्या उपचारांच्या प्रतीक्षायादीत २०२५ मध्ये सत्तर लाखांहून जास्त नोंदी होत्या. आपत्कालीन विभागात ट्रॉलीवर तासन्‌तास पडलेले म्हातारे आणि त्यांच्यामध्ये धावणारी नर्स हे तिथलं हिवाळ्यातलं नेहमीचं दृश्य. तू नाईटला सहा-सात पेशंटची तक्रार केलीस. तिथे आयसीयूत खूप बरं आहे, गंभीर पेशंटमागे एक नर्स असते. पण तुला जागा जनरल वॉर्डात मिळाली तर आठ-दहा पेशंट सहज असतील.

कामाची पद्धत हा तर वेगळाच विषय, आणि एजंट त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी नर्सिंग शिकवण्यात आयुष्य घालवलं, तिकडे गेलेल्या विद्यार्थिनींचे फोन येत असतात. पहिल्या सहा महिन्यांत त्या दोन गोष्टींवर रडतात. पहिली: "मॅडम, मला आयव्ही कॅन्युला लावू देत नाहीत!" इथे जी मुलगी डोळे मिटून शीर शोधते, तिला तिथे त्या रुग्णालयाचं प्रशिक्षण आणि सही होईपर्यंत सुईला हात लावता येत नाही. दुसरी: पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं. आपल्याकडे हे वॉर्डातल्या मावशी करतात किंवा नातेवाईक. तिथे नातेवाईक भेटीच्या वेळेला येतात आणि जातात. मदतीला हेल्थकेअर असिस्टंट असतात, पण नर्सनेही ते करायचं असतं, आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. तुला मनातून मान्य होत नसेल तर आताच विचार कर. मला विचारशील तर ज्या नर्सने पेशंटला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली नाही, तिला त्याच्या पाठीवरचा बेडसोर उशिराच दिसतो.

ऑस्कीचा एक टप्पा सांगते, म्हणजे कळेल फरक कुठे आहे. औषध देण्याचं प्रात्यक्षिक. तू हात धुतेस, पेशंटजवळ जातेस, स्वतःचं नाव सांगतेस. मग त्यालाच त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी आणि चार्टशी ताडायची. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, तेही त्यालाच विचारायचं आणि पट्टीवर बघायचं. औषध कशासाठी आहे ते सांगायचं, घ्यायला तयार आहात का म्हणून विचारायचं. तो नको म्हणाला तर द्यायचं नाही, नकार लिहून ठेवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. आपल्या आयसीयूत आपण काय म्हणतो? "बारा नंबरचं अँटिबायोटिक गेलं का?" हात तोच, औषध तेच. पण 'बारा नंबर' म्हणायची सवय असलेली मुलगी घाईत नाव ताडायला विसरते आणि तिथेच नापास होते. ही सवय मोडायला ब्रिटनला जायची गरज नाही. उद्याच्या ड्युटीपासून, तुझ्या आत्ताच्या वॉर्डात, प्रत्येक पेशंटला नावाने विचारून औषध द्यायला लाग. सोबतच्या मुली हसतील, हसू देत.

भाषेचंही तसंच. आयईएल्टीएसमध्ये ७ मिळाले म्हणून ग्लासगोच्या आजोबांचं बोलणं कळेल असं नाही. पुण्याचा माणूस आपल्या वऱ्हाडीपुढे जसा गांगरतो, तशी तू पहिले काही आठवडे गांगरशील. त्यात लाज नाही, पुन्हा विचारायचं. तिथे न विचारता अंदाजाने काम करणं हाच मोठा दोष मानतात. डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर त्याला नावाने हाक मारून तसं सांगणं हे तुझं कर्तव्य धरलं जातं. राउंडला हात मागे बांधून उभं राहायची सवय असलेल्या आपल्या मुलींना सगळ्यात जड तेच जातं.

पगाराचा तुझा हिशेब मी तपासला. २०२५-२६ ला इंग्लंडमध्ये बँड पाचच्या नव्या नर्सला वर्षाला ३१,०४९ पौंड होते. तू ते थेट रुपयांत करून बाराने भागलंस. कर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शनची कपात जाऊन महिन्याला हातात दोन हजार पौंडांच्या आसपास येतात. त्यातून लंडनबाहेरही एका खोलीचे पाचशे ते आठशे जातात, वर बस, वीज, खाणं. काटकसरीने राहिलीस तर घरी पाठवायला नक्की उरेल, आणि तुझ्या २३ हजारांच्या कित्येक पट उरेल. मात्र 'दोन वर्षांत घर बांधू' हे बाबांना सांगून बसू नकोस.

आणि आता ती गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठेच नाही. नागपूरलाच, मिहानमध्ये, एम्स आहे. देशभरातल्या एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती नॉरसेट या एकाच परीक्षेतून होते, ती साधारण वर्षातून दोनदा निघते आणि त्यातल्या ऐंशी टक्के जागा महिलांसाठी आहेत. जीएनएमवाल्यांना चालते, फक्त नोंदणीनंतर किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव हवा. तुझं रुग्णालय ऐंशी खाटांचं आहे आणि तुझी सहा वर्षं झाली आहेत. मूळ वेतन ४४,९००, वर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. मिळालं तर नागपूरच मिळेल असं नाही, गुणानुक्रमावर आहे. पण या परीक्षेला वयाची अट आहे: खुल्या प्रवर्गाला ३० पर्यंत, राखीव प्रवर्गांना सवलत. ब्रिटनच्या नोंदणीला वयाची वरची मर्यादा नाही. तू २८ ची आहेस. मग आधी कुठली परीक्षा द्यायची, हे मी वेगळं सांगायला नको. पुढचे दोन्ही प्रयत्न जीव तोडून दे. अभ्यास वाया जात नाही, सीबीटीला तोच लागतो. अनुभवाचं प्रमाणपत्रही दोन्हीकडे लागतं. ते खाटांच्या संख्येसह, लेटरहेडवर, आत्ताच मागून ठेव. राजीनामा दिल्यावर मागायला गेलं की खासगी रुग्णालयं किती फिरवतात, हे तुझ्या सीनियर सिस्टरना विचार.

एम्समध्ये लागलीस आणि तरीही तिकडे जावंसं वाटलं, तर एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचा अनुभव गाठीला असेल. नाही लागलीस तर ओईटी दे. ऑफर हातात आली की मग मला पुन्हा लिही, तेव्हा 'जाऊ की नको' याला काही अर्थ असेल. आज तुला नाही म्हणायला तरी काय आहे?

याच विषयावर इतरांचीही पत्रं येतात, म्हणून थोडक्यात. फिजिओथेरपिस्ट आणि रेडिओग्राफर यांची नोंदणी तिथे एचसीपीसी ही वेगळी संस्था करते, तिचे नियम वेगळे. एमबीबीएस झालेल्यांनी प्लॅब या परदेशी डॉक्टरांसाठीच्या परीक्षेचा दुसरा भाग द्यायला मँचेस्टरला जाण्याआधी एवढं बघावं, की तिथे प्रशिक्षणाच्या जागा साधारण दहा हजार आणि अर्जदार तीस हजारांहून जास्त अशी २०२५ ची स्थिती होती, आणि तिथल्या पदवीधरांना आधी घेण्याचं धोरण जाहीर झालं आहे. परीक्षा पास होऊन वर्षभर बिनकामाचे बसलेले आपले डॉक्टर कमी नाहीत. जर्मनीचा विचार करणाऱ्या नर्सनी भाषेसाठी सलग वर्ष-दीड वर्ष राखून ठेवावं.

आईंच्या लग्नाच्या आग्रहाबद्दल मी फार बोलणार नाही. नर्सच्या व्हिसावर जोडीदाराला नेता येतं आणि त्याला तिथे कामही करता येतं, एवढी माहिती येणाऱ्या स्थळांना पहिल्याच भेटीत द्या. ज्यांना जायचं नाही ते आपोआप गळतील.

आई-बाबांना मात्र तिथे नेऊन ठेवता येणार नाही. भेटीला येतील, राहायला नाही. नियम इतके कठीण आहेत की ते नाहीतच असं समज. हे तू लिहिलं नाहीस, पण घरात कुणीतरी मनात धरून असेल की पुढे मागे सगळेच जाऊ. ते आधी स्पष्ट कर. मग तुमच्या घरच्या टेबलावर एक कागद घेऊन बसा: आईंची साखर कोण तपासतं, डॉक्टरकडे कोण नेतं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर सुट्टी कोण घेणार, विमा आहे का. आज या सगळ्यांसमोर तुझंच नाव असणार, पैजेवर सांगते. भावाला त्या बैठकीत बसव. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे लहान नाही, आणि ग्लुकोमीटर वापरायला तू त्याला पाच मिनिटांत शिकवशील.